उसनवारी

घरासाठी कर्ज काढलं तेव्हाची गोष्ट. बँकेतल्या बाईंनी कागदांचा जाडजूड गठ्ठा पुढे सरकवला आणि जिथे जिथे पेन्सिलीची फुली दिसेल तिथे सही करा म्हणाल्या. मी भराभर सह्या ठोकत गेलो. शेवटच्या पानावर फुली मारायची राहिली होती. नुसत्या दोन रेघा. एकीखाली 'लेंडर', दुसरीखाली 'बॉरोअर'. मी पहिलीवर सही केली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अहो, तुम्ही बँकेला कर्ज देताय का?" मागच्या रांगेतलेसुद्धा हसले.

दोष माझाच, पण थोडा मराठीचाही. इंग्रजीत देण्याला 'लेंड', घेण्याला 'बॉरो'. आपल्याकडे एकच शब्द, उसनं. देणारा उसनं देतो, घेणारा उसनं घेतो. माल कुठून कुठे गेला ते क्रियापद बघून घेतं. त्यामुळे शाळेत आमचा अर्धा वर्ग 'पेन बॉरो दे' म्हणायचा आणि सर कपाळाला हात लावायचे. नंतर कळलं की जर्मन माणसाचंही 'लायन' या एकाच क्रियापदावर भागतं, तेव्हा जरा बरं वाटलं. खुद्द इंग्रजांनाही भाड्याच्या बाबतीत ही शिस्त जमलेली नाही. 'रेंट' म्हणजे भाड्याने देणंही आणि घेणंही. घरमालक कोण ते पुढच्या वाक्यावरून ओळखायचं.

सहीच्या फजितीनंतर हे शब्द जरा खणून पाहिले. 'बॉरो'च्या मुळाशी जुन्या इंग्रजीत तारण, जामीन असा अर्थ आहे. म्हणजे माझ्या कर्जासाठी बँकेने दोन जामीनदार मागितले, ते त्या शब्दाच्या पोटात आधीपासूनच बसलेले होते. 'लेंड' हाही जुनाच शब्द, फक्त त्यातला 'ड' मागाहून चिकटला, मुद्दलाला व्याज चिकटावं तसा. आणि 'लोन' आला व्हायकिंग लोकांच्या भाषेतून. इसवी सन ७९३ मध्ये इंग्लंडमधला लिंडिसफार्नचा मठ लुटणाऱ्या या मंडळींनी पुढे इंग्लंडला कर्जासाठी शब्द द्यावा, याला काय म्हणावं! आपण त्या 'लोन'ला आणखी एक हात जोडला. हातउसने पैसे म्हणजे 'हँड लोन'. आपल्याकडच्या हिशेबाच्या वह्यांत तो सर्रास सापडतो, पण लंडनच्या माणसाला ऐकवला तर तो आपल्या हाताकडेच बघत बसेल.

पण उसनं म्हणजे सरसकट सगळं नव्हे, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. आई मला वाटी घेऊन शेजारी पिटाळायची, "काकूंकडून साखर आण उसनी." तीच आई शिडी हवी असली की म्हणायची, "काकांची शिडी माग जरा." शिडीला तिने कधी उसनी म्हटलं नाही. साखर संपते. परत जाते ती दुसरी साखर, तेवढीच, किंवा चमचाभर जास्त. शिडी मात्र तीच परत जायला हवी. विरजणाची तर तिसरीच तऱ्हा. ते ना उसनं ना मागितलेलं. ते 'लावायला' आणायचं, आणि परतफेडीची गोष्ट कुणी काढत नाही. रोमन कायद्याने वस्तू वापरून संपणारी की तीच परत करायची, यावरून दोन वेगळे करार केले होते. आईला रोम ठाऊक नव्हतं, पण कुठल्या वेळी कुठला शब्द हे पक्कं ठाऊक होतं. इंग्रजी विचारते, वस्तू कुठल्या दिशेने गेली? आमचं स्वयंपाकघर विचारतं, परत काय येणार? मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. (बँकेलाही तोच वाटतो.)

इंग्रज तर परत न करायच्या वस्तूही बॉरो करतात. नाक पुसायचा कागद 'बॉरो' करू का, असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारतात. तो परत मिळू नये अशीच समोरच्याची इच्छा असणार.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात. बावन्नातून सत्तावीस वजा करताना ती पाचाकडून एक बॉरो करते, पाच खोडून चार लिहिते, संपलं. दशकाचं घर कायमचं एकाने गरीब. माझी आई हातचा घ्यायची. वर दोनाचे बारा झाले की खालच्या दोनाला एक जोडून ती त्याचे तीन करायची. वर घेतलं ते खाली चुकतं केलं. ही रीत इंग्लंडच्या शाळांतही शिकवत, 'बॉरो अँड पे बॅक' म्हणून. उत्तर दोघींचं पंचवीसच. पण नात वहीत गिचमिड करत असली की आजी अस्वस्थ व्हायची. "अगं, घेतलेलं परत कुठे दिलंस?"

आता आमच्या गॅलरीत काकांची शिडी उभी आहे, गेल्या दिवाळीपासून. पंख्याची जळमटं काढायला आणली आणि मग आज देऊ, उद्या देऊ. एव्हाना तिच्या दोन पायऱ्यांवर मनीप्लांट चढलाय. परवा काका स्वतःच आले. मी मनात माफीचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात गॅलरीकडे बोट दाखवून ते जरा संकोचून म्हणाले, "तुमच्याकडे शिडी आहे ना, दोन दिवस मिळेल का?"

मी मनीप्लांट सोडवला आणि दिली.