डाव्या पानावर फ्रेंच

सांगलीत गणपती पेठेच्या मागल्या बोळात एक रद्दीचं दुकान आहे. दुपारी तीनच्या सुमाराला मालक तोंडावर पेपर घेऊन आडवा झालेला असतो. पुस्तकं चाळायला तीच वेळ बरी, कारण 'काय पायजे?' असं कुणी विचारत नाही. परवा तिथं बारावीची गाइडं आणि जुने दिवाळी अंक यांच्या ढिगात एक फ्रेंच-इंग्रजी पुस्तक हाताला लागलं. डाव्या पानावर फ्रेंच, उजव्या पानावर इंग्रजी. मागच्या पुठ्ठ्याला आतून सीडीचं प्लास्टिकचं पाकीट चिकटवलेलं, अगदी शाबूत. सीडी मात्र नाही. आधीच्या मालकानं सुरुवातीच्या पानांवर फ्रेंच ओळींच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं देवनागरी लिहिलं होतं : 'बोंजूर', 'कोमाँताले वू'. पुढं सगळं पुस्तक कोरं करकरीत.

"किलोवर हाय, पण तुमी धा रुपयं द्या," पेपराखालून आवाज आला.

मी नाही घेतलं. दहा रुपयांचा प्रश्न नव्हता. फ्रेंच शिकायला घ्यायचं पुस्तक आवाजाशिवाय घेऊ नये, या मताचा मी आहे. ही भाषा लिहिते एक आणि बोलते भलतंच. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' यांची क्रियापदं कागदावर तीन तऱ्हांनी लिहितात आणि तोंडानं तिन्ही वेळा नुसतं 'पार्ल' म्हणतात. शेवटची अक्षरं शोभेला. पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला तर त्यातलंच एखादं मुकं अक्षर एकदम जागं होऊन त्याला जाऊन चिकटतं. डोळ्यांनी शिकलेला माणूस सगळी अक्षरं इमानानं उच्चारतो आणि समोरचा नुसता बघत बसतो.

खरं तर समोरासमोर दोन भाषा ठेवायची ही रीत आपल्याला नवी नाही. आमच्या गावभागातल्या घरात सार्थ ज्ञानेश्वरी होती. ओवी ठसठशीत टाइपात, खाली बारीक टाइपात अर्थ. आजी चष्म्याची दोरी कानामागं अडकवून माजघराच्या उंबऱ्यापाशी बसायची आणि ओव्या मोठ्यानं वाचत सुटायची. अर्थावर तिची नजर ठरलेली मी कधी पाहिली नाही. बोट ओवीवरनं उचलायचं, बारीक टाइप ओलांडायचं आणि थेट पुढच्या ओवीवर टेकायचं. मी शाळेतला शहाणा. मला इयत्तेप्रमाणं धडा समजायला हवा असायचा. मी तिला थांबवून विचारायचो, "आजी, म्हणजे काय?"

"आधी कानावरनं जाऊ दे रं. अर्थ कुठं पळून जातोय?"

दुपारभर असं चालायचं. दळणाचा डबा घेऊन गिरणीत जायच्या आधी एखादा अध्याय उरकायचा, एवढाच तिचा हिशेब. अध्याय संपला की मात्र ती मागं जायची आणि मधलीच एखादी ओवी निवडून तेवढ्याच ओवीचा अर्थ सावकाश वाचायची. 'हां' म्हणायची आणि पोथी मिटायची. कुठली ओवी निवडायची हे ती कशावरून ठरवायची, ते तिलाच ठाऊक. ती प्रत 2005 च्या पुरात गेली. नंतर आणलेल्या प्रतीत अर्थाचा टाइप मोठा आहे. मला ते बरं वाटत नाही.

ऑडिओचं म्हणाल तर सकाळी 6 वाजून 55 मिनिटांनी आकाशवाणीवर संस्कृत बातम्या लागायच्या. 'सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्' ऐकू आलं की बंबातलं पाणी तापलं असं समजायचं. पाच मिनिटांत एक अक्षर कळायचं नाही, पण बातम्या वाचणाऱ्यांचं बलदेवानंद सागर हे नाव आणि तो स्वर अजून कानात आहे. पुढं आठवीत संस्कृत आलं तेव्हा वर्गात ते परकं कुणालाच वाटलं नाही. अवघड वाटलं, ती गोष्ट निराळी.

तर फ्रेंचचं पुस्तक निवडताना मी या दोन गोष्टी बघतो. अर्थ किती जवळ आहे, आणि आवाज कुणाचा आहे. उजव्या पानावर इंग्रजी दिसत असलं की डोळा कारल्याच्या ताटात गोड शोधणाऱ्या पोरासारखा तिकडंच पळतो. म्हणून उजव्या पानावर मी विजेचं बिल घडी घालून ठेवतो. त्या मापाला बिल फार नेमकं बसतं. दुसरी खोड अशी की मला भाषांतर वाईटच हवं असतं. चांगल्या लेखकानं केलेलं सुरेख इंग्रजी भाषांतर नवशिक्याच्या काय कामाचं? वाक्य उलटंपालटं करून तो त्याचं सोनं करून ठेवतो आणि कुठला शब्द कुठं गेला याचा पत्ता लागत नाही. 'मला भूक आहे' असं शब्दाला शब्द ठेवणारं ओबडधोबड भाषांतर बरं. त्या बाबतीत आसिमिल या भाषा शिकवणाऱ्या फ्रेंच प्रकाशनाची पुस्तकं प्रामाणिक. 1929 पासून त्यांचा हाच धंदा आहे. अर्धं पुस्तक नुसतं ऐकायचं आणि समजून घ्यायचं, मग पुन्हा पहिल्या धड्यावर येऊन उजव्या पानावरनं डाव्या पानाकडं उलट भाषांतर करायचं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घासलेल्या घरात याचं कौतुक कुणाला वाटणार!

फ्रेंच शिकतोय म्हटलं की जो तो 'छोट्या राजकुमारा'चं नाव सुचवतो. पुस्तक लहान, चित्रं गोड. लेखक सँतेग्झ्युपेरी 1944 मध्येच गेले आणि आपल्याकडं हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळं द्वैभाषिक आवृत्त्याही स्वस्त. पण त्यात जागोजागी एक असा भूतकाळ आहे, जो फ्रेंच माणूस पुस्तकात वाचतो आणि बोलताना कधी वापरत नाही. त्यावर भाषा बसवली तर मंडईत 'राजे गाडीवर आरूढ होते झाले' म्हणायची पाळी येईल. काम्यूची 1942 मधली 'परका' ही कादंबरी त्या मानानं नवशिक्याला सोपी, कारण ती बहुतेक बोलीतल्या भूतकाळात आहे. आता पहिल्याच ओळीत आई मेलेली असते, त्याला इलाज नाही.

आवाजाचं जरा अवघड. लिब्रिवॉक्स या बोलक्या पुस्तकांच्या वेबसाइटवर मोपासाँ, व्हर्न असे जुने लेखक फुकट ऐकायला मिळतात, पण वाचणारे हौशी. एखादा झकास वाचतो, एखादा नाकात बसून. त्यात ज्या आवृत्तीवरनं त्यानं वाचलं तीच आपल्या हातात असेल याचा भरवसा नाही. आपण बोट ओळीवर ठेवलेलं आणि बाबा परिच्छेद गाळून पुढं. वेग कमी करून ऐकावं तर सगळी पात्रं दारू प्यालेली वाटतात. त्यापेक्षा आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या बऱ्या. दहाएक मिनिटांच्या, सोबत छापील मजकूर. संस्कृत बातम्यांची सवय असल्यावर हे जडच नाही.

अनुनासिकं आपल्याला जमतात, कोकणी मित्र असेल तर फारच लवकर. जमत नाही तो 'यू' लिहितात तो स्वर. तोंडात 'ई' म्हणायची आणि ओठ 'ऊ'चे करायचे. सकाळी फिरायला जाताना मी आयर्विन पुलावर हा सराव करतो. समोरून येणारे लोक मी शीळ घालतोय असं समजून जरा कडेनं जातात.

मनातली एक वेडी इच्छा सांगतो. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. तो 1920 मध्ये पॅरिसला निघाला आणि वा. गो. परांजपे यांनी 'मराठी भाषेचा विकास' म्हणून तो मराठीत आणला. दोन्ही एका बांधणीत, डावं-उजवं, कुणी काढतील का? मधलं इंग्रजी एकदाचं जाईल. अर्थात त्यावर शिकलो तर मला प्राकृतातल्या व्यंजनांची गत फ्रेंचमध्ये सांगता येईल आणि प्यायला पाणी मागता येणार नाही.

या वयात कशाला, असं लोक विचारतात. शेजारची अकरावीतली पोरगी फ्रेंच घेते ती मार्कांसाठी, ते सगळ्यांना पटतं. माझी लेक कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलला आहे. तिकडं 1977 च्या कायद्यानं बाहेरून आलेल्या बहुतेकांच्या मुलांना फ्रेंच शाळेत घालावं लागतं, तशी नातही जाते. व्हिडिओ कॉलवर ती माझ्याशी मराठीत बोलते. मग कंटाळून कॅमेऱ्यापासून लांब जाते, बाहुली मांडीवर घेते आणि तिच्याशी भराभर काहीतरी बोलत राहते. ते फ्रेंच असतं.

लेक म्हणते, "बाबा, तिला मराठी येतंय की. तुम्ही कशाला एवढा त्रास घेताय?"

येतंय. आत्ता येतंय.