तिकडंऽऽ

रविवारचं जेवण अंगावर आलं होतं, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. तो शिकायला जर्मनीत आहे आणि त्याच्या शेजारच्या खोलीत उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येचा एक मुलगा राहतो. दोघांचा एक खेळ चालतो: यानं इंग्रजी शब्द टाकायचा, त्यानं मॅसिडोनियन सांगायचा. त्या आठवड्यात अंतराच्या शब्दांची पाळी होती.

"काका, फूट म्हणजे स्ताप्का."

स्ताप्का म्हणजे पाऊल. पण कर्जावरच्या व्याजाचा दर, तोही तिकडे स्ताप्काच. हे मला लगेच पटलं. आमच्या घरकर्जाचा दरही पावलापावलानंच वर गेला. वितीला ते 'पेदा' म्हणतात. 'लाक्त' म्हणजे कोपर, आणि जुन्या मोजणीतला हातसुद्धा. टेप घरी विसरलेला माणूस कुठल्याही देशातला असो, मोजणार स्वतःच्याच अंगानं. अंतराला शब्द 'रास्तोयानिये', म्हणजे वेगवेगळं उभं राहणं. त्यातलं 'स्तो' आणि आपल्या 'स्थान'मधलं 'स्था' एकाच कुळातली. आपलं 'अंतर' मात्र चमत्कारिक. मैलातही मोजायचं, मनातही शोधायचं आणि वर कुणाला द्यायचं नाही.

पण खरी मजा पुढे होती. या भाषेत नामाला शेपूट लागतं आणि जवळ-लांब त्या शेपटात असतं. 'देते' म्हणजे पोर. 'देतेवो' म्हणजे हे इथलं, हाताशी असलेलं पोर. 'देतेतो' म्हणजे नुसतं ते, आपण ज्याच्याबद्दल बोलतोय ते. आणि 'देतेनो' म्हणजे ते पलीकडचं, लांब दिसणारं. शेजारच्या बल्गेरियनचं प्रमाणभाषेत एकाच शेपटावर भागतं. मॅसिडोनियनला तीन लागतात.

आपल्याकडे हा आणि तो, दोनच. असं मी म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर आजोळची जत्रा आठवली. मी सात-आठ वर्षांचा, मामाबरोबर डोंगरातल्या देवाला निघालेलो. वाटेत भेटेल त्याला मामा विचारायचा, देऊळ कुठं आलं? पहिला म्हणाला, "त्ये काय, तिथंच." आम्ही तासभर चाललो. दुसरी एक म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा. हात मोकळे नव्हते म्हणून तिनं हनुवटी उचलली आणि म्हणाली, "तिकडंऽऽ." तो 'डं' इतका लांबला की मामानं मुकाट्यानं दगडावर बसून शेंगांची पुरचुंडी सोडली. आता जेवून घेतलेलं बरं, एवढं त्याला त्या 'डं'वरून कळलं होतं.

तेव्हा तिसरं शेपूट आपल्याकडेही आहे, फक्त ते लिहिता येत नाही. गळ्यात असतं. मोबाइलमधली बाई "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणते तेव्हा मला तिचा राग येतो तो यामुळेच. दोनशे मीटर असोत की चाळीस किलोमीटर, तिचा स्वर तोच. तिला एकदा त्या म्हातारीकडे शिकायला पाठवायला हवं. आमच्या घरात माझ्या या मताला कुणी विचारत नाही. परवाच तिच्याच सांगण्यावरून आम्ही लग्नाला वेळेवर पोचलो, हे मला ऐकवण्यात आलं.

फोन ठेवताना पुतण्यानं सहज विचारलं होतं, "तुमच्याकडे पाऊस आहे का?"

गेल्या वर्षीपर्यंत तो 'आपल्याकडे' म्हणायचा. मी खिडकीतून बघून सांगितलं, आभाळ आलंय, पडेल. मग तो त्या मुलाबरोबर भाजी आणायला गेला आणि मी बराच वेळ 'देतेवो, देतेतो, देतेनो' असं पुटपुटत बसलो. बायकोनं विचारलं, कसला मंत्र म्हणताय?

म्हटलं, काही नाही. चहा टाक.