निदान एकदा तरी हस

दिवाळी झाली की ऑफिसात, मे संपला की शेजारी, आणि बाराही महिने पुण्याच्या साडूंच्या फोनवर एकच प्रश्न. "मग, पोरांना कुठं नेलंत या सुट्टीत?"

मी सांगतो, स्टेशनवर.

"हो, पण स्टेशनवरून कुठं?"

कुठं नाही. स्टेशनवरच.

यावर समोरचा माणूस दोहोंपैकी एक काहीतरी करतो. एकतर विषय बदलतो, म्हणजे माझा पगार विचारायचं त्यानं टाळलेलं असतं. नाहीतर हात जोडतो. "वा, तुम्हाला जमलंय बघा. आम्ही उगीच धावतोय." पहिल्या जातीचं मला काही वाटत नाही. पगार खरोखरच विचारण्यासारखा नाही. हात जोडणाऱ्यांचा मात्र त्रास होतो, कारण गेली तीन-चार वर्षं तो नमस्कार मी गुपचूप खिशात घातलाय. तुमच्यापैकी काहींनी परत परत विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी स्टेशनचं. ते खोटं नाही. मिरज जंक्शन आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. प्लॅटफॉर्म तिकीट 10 रुपये, ते दोन तास चालतं. रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं जातो. थोरली आठ वर्षांची आहे, तिला डब्यांवरच्या पाट्या वाचायच्या असतात. मराठी, हिंदी, इंग्रजी तर येतंच, पण बेळगाव-हुबळीकडच्या गाड्यांमुळं तिला कानडी अक्षरांचं वेड लागलंय. मध्ये एका बाईंना खिडकीतूनच विचारून तिनं स्वतःचं नाव कानडीत लिहून घेतलं. गाडी सुटेपर्यंत त्या बाई वहीवर वाकून वाकून वळणं काढून दाखवत होत्या. आता ते नाव घरातल्या गव्हाच्या डब्यापासून माझ्या टिफिनच्या पिशवीपर्यंत सगळीकडं आहे.

धाकट्याला पाचवं चालू आहे आणि गाड्यांमध्ये काडीचा रस नाही. त्याला बघायचा असतो डब्यात पाणी भरणारा माणूस. तो रुळांमधल्या नळाचा जाड पाइप उचलतो, डब्याच्या कडेला खुपसतो आणि पुढच्या डब्याकडं जातो. टाकी भरली की पाणी वरून बदबदा सांडायला लागतं. तेव्हा हा दोन्ही हात वर करून ओरडतो, "झा-ली!" हल्ली तो माणूस पाइप काढायच्या आधी आमच्याकडं बघतो. 2016 च्या दुष्काळात याच स्टेशनातून लातूरला पाण्याची गाडी गेली होती, पहिल्या फेरीला 10 वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, 5 लाख लिटर. ही गोष्ट धाकट्यानं शंभरदा ऐकलीय आणि शंभरदा विचारलंय, "तेव्हा पण ह्याच मामानं भरलं?" मी हो म्हणतो. असेलही.

बाहेर आलं की भडंग. धाकटा त्यातला फक्त तळलेला लसूण वेचून खातो, थोरली शेंगदाणे, उरलेले चुरमुरे आम्ही दोघं. भांडण होत नाही, एवढं एक बरं आहे.

पावसाळ्यात वेगळा खेळ. आमच्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारतात, आयर्विनला किती फूट? म्हणजे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी. 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 साली 57 च्या वर गेलं होतं. थोरलीनं न्हाणीतल्या पिंपावर आतून खडूनं रेघा मारून तिन्ही आकडे लिहिलेत. म्युन्सिपाल्टीचं पाणी आलं की धाकटा स्टुलावर चढून पुकारतो. "बेचाळीस! जनावरं हलवा!" ही स्वयंपाकघरातून ओरडते, "हलवली!" चव्वेचाळीसला मी नळ बंद करायचा असतो. कधी मुद्दाम उशीर करतो.

तर हे असं आहे. यातलं काही मी रचून सांगत नाही. आम्हाला खरंच मजा येते. पण याच्यावरून मी कोणीतरी समाधानी, विचारी माणूस ठरतो, तिथं घोटाळा आहे.

गेल्या वर्षी शाळेच्या पालक मेळाव्यात बाईंनी मला पाच मिनिटं बोलायला उभं केलं. विषय, छोट्या गोष्टींतला आनंद. स्टेशन सांगितलं, पिंप सांगितलं, टाळ्या पडल्या. मग चेव आला आणि म्हणालो, "मुलांना महागडं काहीच लागत नाही. लागतं ते आपल्याला." गुलाबाचं रोप मिळालं. (महिन्याभरात वाळलं.) ते पहिलं वाक्य साफ खोटं होतं. त्याच आठवड्यात थोरलीनं वॉटरपार्कचा विषय दोनदा काढला होता, कारण तिची मैत्रीण जाऊन आली होती. शिवाय एका रविवारी महालक्ष्मी एक्सप्रेस सुटताना तिनं मला विचारलं होतं, "आपण नुसतं बघायलाच येतो का?" त्यावर मी त्यांना पॅसेंजरनं जयसिंगपूरपर्यंत नेऊन परत आणलं. पुढचंच स्टेशन. तिनं काही म्हटलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं.

मग नेत का नाही? पैसे हे कारण आहे, पण पूर्ण नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा काटकसर करून जमतं. आम्ही एकदा गेलोही होतो.

डिसेंबर 2021. थोरली चार वर्षांची, धाकटा जेमतेम सव्वा. एसटीचा संप चालू होता, म्हणून गाडी भाड्यानं केली. गणपतीपुळे, दोन दिवस, एक मुक्काम. सगळा खर्च 14,200 रुपये. हा आकडा मला आजही पाठ आहे, यातच काय ते समजा. तेव्हा माझा पगार 17,000 होता.

मी एका पतसंस्थेत वसुलीला आहे. काम फोनवरचं जास्त. थकबाकीदाराला फोन लावायचा, तब्येत विचारायची, शेतातलं विचारायचं, मग हळूच यायचं मुद्द्यावर. चढ्या आवाजात बोलायचं नाही, हे मी पहिल्या वर्षातच शिकलो. माझं ठरलेलं वाक्य आहे, "काका, सगळं नका भरू, निदान व्याज तरी भरा." आवाज मऊ ठेवायचा आणि फोन सोडायचा नाही. जामीनदार आणि सहकार कायद्यातल्या कलम 101 चा वसुली दाखला हे सगळं नंतरचं. निम्मी वसुली या एका वाक्यावर होते.

आंबा घाटात थोरलीला दोनदा उलटी झाली. धाकटा रडत होता. समुद्र दिसणाऱ्या खोलीचे 600 रुपये जास्त दिले होते, आणि खोलीतून समुद्र दिसत होता हे खरं, पण बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं राहून मान बाहेर काढली तर. संध्याकाळी दर्शन झालं. सकाळी आठला किनाऱ्यावर गेलो. दुपारी निघायचं होतं. म्हणजे हातात चार तास.

थोरलीनं ओल्या वाळूत पाय ठेवला, लाट मागं गेली, पायाखालची वाळू सरकली, आणि तिनं किंकाळी फोडली. परत काही केल्या पाण्याकडं जाईना. वर कोरड्याच्या काठाला बारीक खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्या होत्या, मोहरीएवढ्या, हजारो, नक्षी काढल्यासारख्या. ती तिथं उकिडवी बसली आणि एकेक गोळी बोटानं दाबायला लागली. अर्धा तास. मी घड्याळ बघत होतो. तासाचे किती पडतात याचा हिशेब मी खरोखर केला होता, आता लपवून काय करू.

"चल की पाण्यात." नाही. "बरं, घोडा?" नाही. मग मी उंटवाल्याला बोलावलं. 100 रुपये फेरी. तिला न विचारता उचलून वर बसवलं. उंट उठताना आधी मागून उठतो, बसलेला माणूस एकदम पुढं कलंडतो, हे मला माहीत नव्हतं. ती जी ओरडली ते अजून कानात आहे. उंटवाल्यानं लगेच दोरी धरली आणि विचारलं, "साहेब, उतरवू?"

मी म्हणालो, "थांबा, फोटो होऊ दे."

ही मागून हाक मारत होती, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मोबाईल धरला. ती रडत होती, नाक वाहत होतं, फोटो तसला येणार होता. आणि मी तिला म्हणालो, मऊ आवाजात, अगदी मऊ, "बाळा, निदान एकदा तरी हस."

नाही हसली. खाली उतरवल्यावर मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. फार जोरात नव्हता, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगितलंय. हात ओला होता, त्यामुळं आवाज मोठा आला. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. ती रडायची थांबली. एकदम. मग मी परत मोबाईल वर केला आणि तिनं दात दाखवले.

तो फोटो आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, साडूंनी लिहिलं, "पैसे वसूल!" मी अंगठा दाखवला.

येताना मलकापूरपर्यंत ही माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुमचा ऑफिसचा आवाज पोरीला लावू नका." मला राग आला होता. मी म्हणालो, एवढा खर्च करून नेलं त्याचं काही नाही. बघा, तेव्हाही खर्चच.

रात्री आज्जीनं विचारलं, समुद्रात काय काय केलं गं? थोरली म्हणाली, "मी हसले."

तर माझा साधेपणा तो हा. 10 रुपयांच्या तिकिटात मी बरा माणूस असतो. गाडी उशिरा आली, पाऊस आला, पोरांनी कंटाळून परत चला म्हटलं, तरी माझं काही जात नाही, म्हणून मी हसतो. रक्कम वाढली की माझ्यातला वसुलीवाला जागा होतो आणि पोरांच्या चेहऱ्यावर हप्ता शोधायला लागतो. त्यापेक्षा नकोच जायला. भाषणात हे सांगितलं असतं तर रोप दिलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग स्वतःला बदला, पोरांना कशाला शिक्षा? हीसुद्धा तेच म्हणते. माझ्याकडं उत्तर नाही. कधी वाटतं, निदान मला माझं कळलंय, कित्येकांना कळतही नाही, रिसॉर्टच्या गेटवर पोरांना दटावणारे बाप मी थोडे बघितलेत का. कधी वाटतं, ही पण पळवाटच. माणसाला स्वतःचा दोष कळला की त्याचं काम झालं, असं थोडंच असतं. आमच्याकडं थकबाकीदारही म्हणतात, "मान्य आहे साहेब." मान्य केल्यानं खात्यात काही जमा होत नाही.

आणि दुसरीकडं, स्टेशन खोट्या कारणासाठी सुरू झालं म्हणून पाइपवाला मामा खोटा होत नाही. हेही मला सोडवत नाही.

गेल्या आठवड्यात हिनं विषय काढला. मार्च एंड, मी रात्री नऊला घरी आलेलो. ही म्हणाली, मे महिन्यात परत गणपतीपुळे. मी म्हटलं, तुम्ही तिघं जा, मी घर बघतो.

"तुम्ही नका नेऊ. आम्ही तुम्हाला नेतो. माझी भिशी उठलीय. आणि किती उठली, खर्च किती येणार, ते तुम्हाला सांगणार नाही."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण डिझेल सध्या काय भावानं आहे ते मनात येऊन गेलं होतं.

तेवढ्यात न्हाणीतून धाकट्यानं ओरडून विचारलं, "बाबा, समुद्राची धोका पातळी किती?"

मी काहीतरी जुळवायला लागलो, त्याआधी थोरली अभ्यास करता करताच म्हणाली, "समुद्राला पातळी नसते रे. ते पाणी येतं आणि परत जातं. पायाखालची वाळू घेऊन जातं."

"तुला काय माहीत?" मी विचारलं. तिला त्यातलं काही आठवत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"मी गेलेय ना. उंटावर बसले होते."

वही उलटून ती परत लिहायला लागली. आणखी काय काय आठवतं, ते मी विचारलं नाही. पिंप पंचेचाळीसच्या वर गेलं होतं, धाकटा हाका मारत होता.