आमची वाटचाल : एकट्या वडीलधाऱ्यांच्या घरासाठी

आर्वी परिसरातील गावांत इन्व्हर्टर आणि सौर पंपांच्या दुरुस्तीला जात असताना आमच्याकडे एक मागणी वारंवार येत असे. मुले पुण्याला नोकरीस आणि आईवडील घरी एकटे. तेव्हा ते सकाळी उठले, स्वयंपाकघरात वावरले, न्हाणीतून सुखरूप बाहेर आले, एवढे कळण्याची सोय करून द्या, मात्र कॅमेरा नको. त्यातून आमचा आजचा व्यवसाय उभा राहिला.

प्रारंभी दारांना चुंबकीय सेन्सर आणि खोल्यांत शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारे पीआयआर सेन्सर बसवले. पीआयआर शरीर आणि भोवताल यांच्या तापमानातील फरकावर चालतो. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकला की टिनाखालच्या भिंतीही त्वचेइतक्या, म्हणजे ३४-३५ अंशांपर्यंत तापतात आणि समोरून माणूस गेला तरी सेन्सरला त्याचा पत्ता लागत नाही. यावर आम्ही मिलिमीटर तरंगांचा, म्हणजे अगदी आखूड रेडिओ लहरींवरून हालचाल टिपणारा, छोटा रडार जोडला. त्याला उष्णतेची अडचण नाही, पण कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदाही तो हालचाल म्हणून नोंदवतो, त्यामुळे त्याची जागा घरोघरी पाहूनच ठरवावी लागते.

खरी कसोटी हालचालीचा अर्थ लावण्यात आहे. हे काम आधीच्या नोंदींवरून शिकणारी संगणक प्रणाली करते. या क्षेत्रात फार वापरला जाणारा, २०१२ मध्ये खुला झालेला एक माहितीसंच कमरेला मोबाइल बांधलेल्या ३० जणांच्या नोंदींचा आहे. त्यांचे वय १९ ते ४८ होते आणि क्रिया सहाच. आमच्याकडची सत्तरीची आजी जमिनीवर बसून भाजी चिरते, दुपारी तिथेच सतरंजीवर आडवी होते आणि उन्हाळ्यात रात्री अंगणात बाजेवर झोपते. खुर्ची-पलंगाच्या घरांवर शिकलेली प्रणाली यातील निम्म्या गोष्टींना पडणे समजू शकते. म्हणून आम्ही संमती घेऊन इथल्याच घरांत नोंदी केल्या. चाचणी घेताना मात्र एक अख्खे घर शिकवणीतून वगळतो आणि त्याच घरावर प्रणाली तपासतो, कारण त्याच घरातील लगतच्या क्षणांच्या नोंदी शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे आल्या, तर अचूकतेचा आकडा फुगतो आणि नव्या घरात तो टिकत नाही.

वीज गेली किंवा बॅटरी संपली की सेन्सर गप्प होतो, आणि न्हाणीत पडलेला माणूसही गप्पच असतो. या दोन शांततांतील फरक कळावा म्हणून प्रत्येक सेन्सर ठरावीक अंतराने आपली हजेरी पाठवतो. हजेरी चुकली तर पडल्याची सूचना न जाता दुरुस्तीची सूचना जाते. माझ्या मते विश्वासार्हतेचा मोठा भाग एवढ्या साध्या व्यवस्थेत आहे. दिवाळीला घर भरले की कोणती हालचाल कोणाची, हे अद्याप नीट वेगळे करता येत नाही, म्हणून त्या दिवसांत प्रणाली अंदाज न बांधता "निश्चित नाही" असेच कळवते.

सूचना मिळताच धावून जाईल असा शेजारी ज्या घराला नाही, तिथे आम्ही हा संच बसवत नाही.