बामणोलीत गाडीची किल्ली बंद पडली : वासोट्याला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी

वासोटा किल्ल्याच्या वाटेबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे चढ, जंगल आणि माथ्यावरून दिसणारा शिवसागर जलाशय यांविषयी मी फारसे लिहिणार नाही. मला सांगायचे आहे ते बामणोलीत, म्हणजे वासोट्याची बोट सुटते त्या गावात, बंद गाडीपाशी गेलेल्या पावणेदोन तासांविषयी आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्यात माझ्याकडून विनाकारण घेतल्या गेलेल्या अकराशे रुपयांविषयी. माझी गाडी बटण दाबून सुरू होणारी आहे. जिची किल्ली अजूनही भोकात घालून फिरवावी लागते, अशा गाडीत किल्लीतला सेल संपला तर फक्त रिमोट बंद पडतो आणि बाकी काहीही अडत नाही. तशा गाडीच्या मालकांना या लेखाची गरज नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी, माझे मेहुणे आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा असे तिघे सांगलीहून निघालो. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो आणि कराडला चहा घेऊन पुन्हा गाडी सुरू केली, तेव्हा समोरच्या पडद्यावर किल्लीचा सेल क्षीण झाल्याची सूचना आली. ती मला नवी नव्हती. महिनाभरापूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी मी हीच सूचना दाखवली होती आणि "साहेब, त्यानंतरही दोन-तीन महिने आरामात चालतो," असे उत्तर ऐकून निश्चिंत झालो होतो. हे उत्तर चुकीचे आहे. सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) ठरावीक पातळीच्या खाली गेला एवढेच ती सूचना सांगते. पुढे किती दिवस उरले आहेत हे तिला कळत नाही. शिवाय थंडीत या लिथियम सेलचा अंतर्गत रोध वाढतो, आणि किल्ली संदेश पाठवू लागली की त्या क्षणी दाब आणखी खाली बसतो. सांगलीत दुपारी चालणारी किल्ली जलाशयाकाठच्या पहाटे चालेलच, असे धरून चालू नये.

सज्जनगड आणि ठोसेघर पाहून, यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे आम्ही संध्याकाळी बामणोलीला पोहोचलो. तो दिवस सुरेख गेला, त्याविषयी तक्रार नाही. मात्र मुक्कामी एक चूक झाली. गाडी खोलीच्या भिंतीला लागून उभी होती आणि किल्ली त्याच भिंतीवर आतल्या बाजूच्या खिळ्याला रात्रभर टांगलेली होती. माझ्यासारखी गाडी मालक जवळ येताच आपोआप उघडते, म्हणजे ती अधूनमधून शोधाचा संदेश सोडत असते, आणि टप्प्यात असलेल्या किल्लीला दर वेळी जागे होऊन उत्तर द्यावे लागते. मरायला टेकलेल्या सेलला आम्ही रात्रभर असे राबवले. मुक्कामाला गाडी आणि किल्ली यांच्यात निदान आठ-दहा मीटरचे अंतर ठेवावे.

सकाळी वनखात्याचा परवाना आणि बोटीची व्यवस्था झाली. ओळखपत्र जवळ हवेच. गड पाहून परतीच्या बोटीने साडेपाचच्या सुमारास काठाला लागलो तेव्हा पाय भरून आले होते, पण मन प्रसन्न होते. गाडीपाशी येऊन दाराच्या मुठीला हात लावला, काही झाले नाही. किल्लीवरचे बटण दाबले, तिच्यावरचा तांबडा दिवासुद्धा लागला नाही.

अशा किल्लीच्या पोटात एक साधी धातूची किल्ली दडवलेली असते, ती बाजूची खटकी दाबून ओढली की बाहेर येते, एवढे मला ठाऊक होते. पण ती घालायची कोठे? चालकाच्या दारावर भोकच दिसत नव्हते. तिघांनी मोबाईलच्या उजेडात चारही दारे आणि डिकी तपासली. वाहनपुस्तिका सांगलीला घरच्या कपाटात होती, आणि माझ्या फोनला रेंज नसल्याने कोणाला विचारण्याचीही सोय नव्हती. तासाभराने मेहुण्यांच्या मुलाला मुठीच्या मागच्या टोकाच्या खालच्या बाजूस एक बारीक खाच सापडली. त्या खाचेत धातूच्या किल्लीचे टोक घालून उचकटल्यावर गाडीच्याच रंगाचे एक छोटे झाकण निघाले आणि खाली भोक होते. अनेक नव्या गाड्यांत ते असेच झाकलेले असते. तुमच्या गाडीत ते कोठे आहे हे आज, उजेडात, घरासमोर शोधा आणि एकदा त्या किल्लीने दार उघडून पाहा. वर्षानुवर्षे न वापरलेले कुलूप जाम झालेले असू शकते.

दार उघडताच भोंगा सुरू झाला, कारण रिमोटशिवाय उघडलेले दार गाडीला चोरी वाटते. गाडी सुरू झाली की तो थांबतो. त्याला घाबरू नये. मात्र तेव्हा मला हे माहीत नव्हते, आणि बटण दाबले तर पडद्यावर किल्ली सापडत नसल्याची अक्षरे येत होती. त्या गोंगाटात एक पिकअपवाले पुढे आले आणि त्यांनी ठामपणे सांगितले की सेल मेल्यावर या गाड्यांचे इंजिन कोणत्याही उपायाने सुरू होत नाही, गाडी ओढून साताऱ्याला न्यावी लागेल आणि त्याचे साडेचार हजार होतील. अंधार पडत होता, आम्ही थकलो होतो, आणि मी होकार देण्याच्या बेतात होतो. हा दोरीचा प्रवास बामणोलीपासून कासपर्यंतच्या अरुंद चढावरून आणि पुढे यवतेश्वरच्या उतारावरून झाला असता. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत थांबते, दोन्ही जड होतात, आणि स्टिअरिंगचे कुलूप सुटले नाही तर ते वळतही नाही. तशा गाडीत बसून तो रस्ता रात्री उतरण्याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. असे कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा.

तेवढ्यात आमच्याच बोटीवरचे एक वयस्कर नाविक दोर गुंडाळून वर आले. त्यांचा पुतण्या पुण्यात गाडी चालवतो. ते म्हणाले, "आवो पाव्हणं, ती किल्ली बटनालाच टेकवा की, आन् मग दाबा. आमचं पोरगं तसंच करतंय." मी ब्रेक दाबून किल्लीचे टोक बटणाला टेकवले, किल्लीनेच बटण दाबले, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. भोंगाही थांबला. काकांनी पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा मोठ्या मिनतवारीने घेतला.

यामागचे कारण समजून घेतले तर पुन्हा कोणी फसवू शकणार नाही. किल्लीत दोन वेगळ्या यंत्रणा असतात. लांबून संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेला सेल लागतो. इंजिनाला परवानगी देणाऱ्या इमोबिलायझरच्या चिपला मात्र सेल लागत नाही. बटणाभोवतालच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला पुरेशी वीज मिळते, फक्त ती दोन-चार सेंटीमीटरच्या आत असावी लागते. काही गाड्यांत ही जागा बटणाऐवजी कप ठेवण्याच्या खाचेत किंवा दोन आसनांमधल्या कप्प्यात असते. आपली जागा कोणती हे पुस्तिकेत दिलेले असते. त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारण तो पाहायला रेंज लागत नाही.

त्या रात्री आम्ही घाट उतरलो नाही, आणखी एक मुक्काम केला. दिवसभर चाललेल्या माणसाने रात्री तो रस्ता चालवू नये, असे माझे ठाम मत आहे. गाडी धातूच्या किल्लीने बंद केल्यावर प्रत्येक दार ओढून पाहावे लागते, कारण काही गाड्यांत त्या किल्लीने एकच दार बंद होते.

रविवारी सकाळी साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात एका किल्लीवाल्याकडे गेलो. त्याने सेलचे २०० आणि "कोडिंग"चे ९०० असे ११०० रुपये सांगितले. कोडिंग केले नाही तर नव्या सेलवर गाडी किल्ली ओळखणार नाही, असे तो म्हणाला, आणि काल मी ज्या अवस्थेत सापडलो होतो ती पुन्हा नको म्हणून मी पैसे दिले. हे सरळ लुबाडणे आहे. सेल काढल्याने किल्लीची ओळख पुसली जात नाही. ती चिपच्या कायमच्या स्मृतीत असते. क्वचित एखाद्या गाडीत रिमोट पुन्हा जुळवावा लागतो, पण तसे असल्यास त्याची कृती पुस्तिकेत असते. कोडिंग हा शब्द फक्त नवी किंवा दुसरी किल्ली करून घेतानाच ऐकून घ्यावा.

एवढ्यावर संपले नाही. कराडला जेवून बाहेर आलो तर किल्ली पुन्हा मुकी झाली होती. हलवली की चाले, पुन्हा बंद पडे. सांगलीत पोहोचल्यावर हरभट रोडच्या बाजूला एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात ती उघडून घेतली, तेव्हा आत सीआर २०२५ सेल आणि त्याच्याखाली कागदाची घडी निघाली. माझ्या किल्लीला सीआर २०३२ लागतो. या आकड्यांतले पहिले दोन अंक व्यास सांगतात, २० मिलिमीटर. पुढचे दोन जाडी, म्हणजे ३.२ आणि २.५ मिलिमीटर. दाब दोन्हींचा ३ व्होल्टच, पण पातळ सेल जाड सेलच्या घरात सैल बसतो आणि संपर्क सुटत राहतो. योग्य सेलचे घड्याळजींनी ५० रुपये घेतले आणि दोन मिनिटांत काम झाले.

हे काम घरीही होते. धातूची किल्ली काढल्यावर दिसणाऱ्या खाचेत कापड गुंडाळलेले नाणे घालून हलकेच पिळले की किल्लीचे दोन भाग सुटतात. जुन्या सेलवरचा क्रमांक वाचा, अधिक चिन्हाची बाजू वर होती की खाली हे पाहा, आणि नवा सेल घामट बोटांनी न धरता कडेने धरून बसवा. चिमटा धातूचा असेल तर त्याने सेलच्या दोन्ही बाजू एकदम धरू नका. एलआयआर २०३२ हा दिसायला तसाच पण पुन्हा भरता येणारा सेल असतो. त्याचा दाब जास्त असतो, तो घालू नका. घरी ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीवरही विसंबू नका, कारण तिचा सेल पहिलीइतकाच जुना असतो आणि न वापरताही झिजतो. मी दोन्ही एकदम बदलले.

जुने सेल टेबलावर पडू देऊ नका. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत गंभीरपणे भाजू शकते, आणि गाडीसाठी संपलेल्या सेलमध्येही तेवढी ताकद उरलेली असते. मी त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून डबीत बंद केले. पाकीटबंद नवा सेल मात्र गाडीत नाही, माझ्या पाकिटात असतो, कारण बामणोलीत जे हवे होते ते सगळे बंद दाराच्या पलीकडे होते.