मेलेल्या मुलीचं नाव

२६ मे, रात्रीचे साडेअकरा

नवतपा लागलाय. संध्याकाळपासून कूलरमध्ये तिसऱ्यांदा पाणी टाकलं, तरी खोलीत गरमच वारा फिरतोय. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. खरं कारण वेगळं आहे. काल रात्री दोन वाजता जी थ्रिलर संपवली, तिच्यातल्या मेलेल्या मुलीचं नाव मला आज सकाळी आठवेना.

भाचीला विचारलं. तिनंच दिलेलं पुस्तक, नागपुरातल्या बर्डीच्या फुटपाथवरून आणलेलं. तीही अडकली. "अगं ती... ते होस्टेलवाली... जाऊ दे ना मावशी!" तीनशे पानं जिच्या खुनाभोवती फिरली, तिचं नाव आम्हा दोघींपैकी एकीलाही सांगता येईना. दिवसभर ते मनात सलत राहिलं.

भाचीचं म्हणणं सरळ आहे. "तू उगाच टेन्शन घेऊन राहिली. ट्विस्ट ओळखता आला का तुला? नाही ना? मग पुस्तक भारीच आहे." ट्विस्ट ओळखता आला नाही हे खरं. पण गोष्ट सांगणारी मुलगीच गुन्हेगार निघते आणि जिच्या डोक्यात बसून मी तीनशे पानं काढली, तिच्या मनात तेवढी एकच गोष्ट कधी येत नाही! हे कोडं नाही, लपवाछपवी आहे. त्याहून मोठी तक्रार अशी की ती मुलगी मेलीच मुळी कोडं तयार व्हावं म्हणून. तिची आई एका प्रकरणात रडते आणि नंतर दिसतही नाही.

हाच साचा घेऊन होली जॅक्सननं २०१९ मध्ये 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' लिहिली, आणि ती मला फार आवडते. पाच वर्षांपूर्वीचं एका मुलीच्या खुनाचं प्रकरण पिप ही शाळकरी मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी उकरून काढते. आख्ख्या गावानं सॅल सिंग या मुलाला खुनी ठरवून टाकलंय, आणि तोही आता जिवंत नाही. कादंबरीची सुरुवात पुराव्यापासून होत नाही, सिंगांच्या घराच्या दारात होते. त्या घरासमोरून जाताना लोकांची पावलं भरभर पडतात, फाटकाला हात लावून पळायची पोरांची पैज लागते. दार उघडतो सॅलचा भाऊ रवी. मरण एका घरावर कसं बसून राहतं, ते लेखिकेनं पहिल्या काही पानांतच दाखवलं. म्हणून पुढचं सगळं रहस्य मला आपलं वाटलं.

फँटसीचंही तेच. 'हंगर गेम्स' २००८ सालची. दोन डझन मुलं एकमेकांना मारायला सोडतात, एवढं ऐकून मी ती कितीतरी दिवस हातात घेतली नव्हती. घेतली आणि धान्याच्या हिशेबापाशीच थांबले. घरात खायला नसेल तर मुलांनी या खेळासाठी मुलं निवडणाऱ्या सोडतीत आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात धान्य-तेल न्यायचं. सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, नावाच्या अशा वीस चिठ्ठ्या झालेल्या असतात. ज्यांनी रेशनच्या रांगेत आईची पिशवी धरली आहे, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. आणि मग रू, खेळातली तिची छोटी साथीदार. ती गेल्यावर कॅटनिस तिला फुलांनी झाकते, आणि रूच्या जिल्ह्यातले लोक कॅटनिसला पाव पाठवतात. उपाशी लोकांनी पाठवलेला पाव! दुपारी भाचीला विचारलं, रू किती वर्षांची होती? "बारा," ती म्हणाली. विचार करायला एक क्षणही लागला नाही. तिनं ते पुस्तक आठवीत वाचलं होतं.

अर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) तर सगळी जादूच नावांची आहे. वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते. गेड हा पोरगा बढाईपायी मेलेल्यांतून एकीला हाक मारतो आणि अंधारातून भलतंच काही बाहेर येतं. ती फट बुजवताना शाळेचा म्हातारा मुख्य जादूगार जिवानिशी जातो. पोराच्या तोऱ्याची ही किंमत, आणि पुस्तक ती शेवटपर्यंत विसरू देत नाही. आजकालच्या कितीतरी जाड फँटसींत मात्र राजकुमारी हात उचलते, सैन्य आडवं होतं, आणि पुढच्या पानावर प्रेमप्रसंग. त्या सैन्यातल्या एकाचंही नाव कुणाला ठाऊक नसतं.

नावात ताकद असते हे नागपूरच्या पोरांना पुस्तकातून शिकायची गरजच नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत निघते, रोगराई घेऊन जाणारा मोठा पुतळा. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गर्दी एकेका दुखण्याचं नाव घेऊन ओरडते, "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" मी आजोबांच्या खांद्यावर बसून ते ओरडले आहे. मराठीत कुणी सोळा वर्षांच्या मुलांसाठी या महाल-इतवारीच्या गल्ल्यांत घडणारी फँटसी लिहावी असं मला मनापासून वाटतं. 'किशोर' अंकांनी माझं लहानपण भरून टाकलं, पण तो सुटल्यावर मी थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांत जाऊन पडले. मधला कप्पा रिकामाच होता. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी भाचीची पुस्तकं मागून वाचते. ऑफिसात विचारतात, हे मुलांचं काय वाचता? मला ती वाचायलाच हवी होती, फक्त तेव्हा मिळाली नाहीत.

आत्ता उठून ते पुस्तक पुन्हा काढलं. नाव सापडलं, नवव्या पानावर. पन्नासाव्या पानानंतर जवळपास सगळे तिला नुसतं 'ती' म्हणतात. नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आहे. उद्या भाचीला दाखवीन.