गांडुळं सोडण्याआधीची वाट: माझा अनुभव

गच्चीवर गांडूळखत करायला विकत घेतलेल्या गांडुळांच्या पिशवीबरोबर एक चिठ्ठी मिळते. शेण पसरा, कचरा टाका, गांडुळं सोडा, 45 दिवसांत खत. या चिठ्ठीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. शेण पसरणं आणि गांडुळं सोडणं यांच्यामध्ये निदान दोन-तीन आठवडे थांबावं लागतं, आणि नेमकं तेच चिठ्ठीत नसतं. विकणाऱ्याला विचारलं तर ‘काही होत नाही, टाका बिनधास्त’ एवढंच उत्तर. मग गांडुळं क्रेटच्या भोकांतून बाहेर पडतात, फरशीवर वाळून मरतात, आणि माणूस म्हणतो की आपल्या गच्चीवर हे जमायचं नाही.

जमतं. जागा, क्रेट, सावली यात फारसं अडत नाही. 60 बाय 40 सेंटिमीटरचे भाजीचे तीन क्रेट, आत शेडनेट, खाली विटा, वर ओलं गोणपाट. रोज अर्धा किलो ओला कचरा निघणाऱ्या घराला एवढं पुरतं. अडतं ते कुजवणीपाशी, म्हणजे गांडुळं सोडण्याआधी कचरा आणि शेण कुजवून घेण्यापाशी.

स्वयंपाकघरातला ताजा कचरा आणि ताजं शेण एकत्र आलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि ढीग तापतो. मोठ्या पिंपात आतलं तापमान सहज 50 अंशांच्या वर जातं. खताची गांडुळं 20 ते 28 अंशांत खूश असतात, 35 च्या पुढे मरू लागतात. शिवाय गोठ्यातल्या शेणात मूत मिसळलेलं असतं, त्यातून अमोनिया सुटतो. गांडूळ कातडीनेच श्वास घेतं, त्यामुळे नाकाला झोंबणारा तो वास त्याला थेट भाजतो. म्हणून कुजवण वेगळ्या पिंपात, वेगळ्या वेळी करायची. पिंपाला चहूबाजूंनी आणि बुडाला भोकं हवीत.

कोल्हापूरकराला यासाठी लागणारा माल दारात आहे. म्हशीचं शेण गावाभोवतीच्या कुठल्याही गोठ्यात मिळतं. आठ-दहा दिवस सावलीत पसरून शिळं केलेलंच घ्यावं, आणि जनावराला नुकतंच जंताचं औषध दिलंय का हे गवळ्याला विचारावं. दिलं असेल तर ते शेण नको. उसाचं पाचट तर शेतकरी पेटवून देतात, मागितलं तर पोतं भरून देतात. पण पाचटाचं पान चिवट असतं. तसंच टाकलं तर महिनोन्‌महिने कुजत नाही. कोयत्याने दोन-तीन इंचाचे तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवावं. घमेल्याच्या मापाने एक भाग ओला कचरा, दोन भाग पाचट, आणि वर शेणाचा पातळ काला शिंपडायचा. दर तीन-चार दिवसांनी खालचं वर करायचं.

आता खरी कटकट: ढीग तयार झाला हे ओळखायचं कसं? सगळे सांगतात, थंड झाला की सोडा. हे अर्धंच खरं आहे. ढीग तीन कारणांनी थंड पडतो. एक, कुजणं खरोखर संपलं. दोन, पावसाचं पाणी शिरून हवा कोंडली. तीन, एप्रिलच्या उन्हात गच्चीचा स्लॅब तापून ढीग वाळला. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाने थंड झालेला ढीग आतून कच्चाच असतो. त्यात गांडुळं सोडून पाणी मारलं की दोन दिवसांत तो पुन्हा तापतो.

म्हणून मी हाताने नाही, लोखंडी सळईने बघते. सळई मध्यापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी ओढून टोक मुठीत धरायचं. कोमट लागलं तरी थांबायचं. गार लागलं तर मूठभर माल घट्ट पिळायचा: एक-दोन थेंब आले तर ओलावा बरोबर. धार लागली तर कोरडं पाचट किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळायचा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडायचं. मग ढीग पूर्ण उलटायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा सळई. या खेपेलाही गार लागली, वास मातीचा आला आणि भाजीचा देठ ओळखू येईनासा झाला, तर काम झालं. तरीही सगळी गांडुळं एकदम नाहीत. संध्याकाळी दहा-पंधरा वर ठेवायची. सकाळी ती आत गेलेली असली तर बाकीची सोडायची. कडेला गोळा झाली असतील तर अजून आठवडा. या आठवड्याचा कंटाळा येतो, पण किलोभर गांडुळं मेली तर पैसे जातात आणि हुरूपही जातो.

जून ते सप्टेंबर इथला पाऊस बघता कुजवण पत्र्याखालीच हवी. प्लास्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि आंबट वास सुटतो. तसा वास आलाच तर ढीग मोकळा करून अंड्याच्या टरफलांची पूड मिसळा.

गांडुळं घेतानाही बघून घ्या. पावसात शेतात दिसतात ती मातीत खोल राहणारी, कचऱ्यावर टिकत नाहीत. खताला आयसेनिया फेटिडा जातीचं गांडूळ हवं: लालसर, अंगावर फिकट पिवळे पट्टे. पिशवीत लिंबासारख्या घाटाची पण अगदी बारीक, पिवळट अंडी दिसली तर माल चांगला.

रस्सा, मिसळीचा कट, मटणाची हाडं, लोणचं यांपैकी काहीही क्रेटमध्ये नको. तेल गांडुळाच्या अंगाला चिकटतं, मीठ त्याचं पाणी ओढतं. कांदा-लसणाची सालं आणि लिंबू अगदी थोडं. निर्माल्य चालतं, दोरा आणि कुंकू काढून. रोजचा कचरा वर पसरून ठेवू नका, दोन इंच पाचटाखाली गाडा, म्हणजे चिलटं होत नाहीत. मुंग्यांसाठी क्रेट विटांऐवजी चार पायांच्या स्टँडवर ठेवून पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

खत काढताना पाणी चार-पाच दिवस आधी बंद. उजेडात कागदावर शंकूसारखे ढीग केले की गांडुळं खाली जातात, वरचं खत खरवडून चाळायचं. कुंडीत चार भाग मातीला एक भाग पुष्कळ. क्रेटखाली गळणारं काळं पाणी व्हर्मिवॉश (तयार गांडूळखतातून पाणी झिरपवून काढलेला अर्क) म्हणून विकतात, ते व्हर्मिवॉश नव्हे. कच्च्या कचऱ्याचं गळतं पाणी आहे. दहापट पाणी घालून फुलझाडांच्या बुडाशी घाला, कच्च्या खायच्या कोथिंबिरीवर मुळीच नको.